फोमचा चारआइना

१० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातलं होतं. ते कुणाला दिसू नये, हाच त्याचा हेतू. मी करतो ती चिलखतं शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसावी लागतात. ऐतिहासिक नाटकांना मी शस्त्रं आणि चिलखतं पुरवतो, आणि आता त्यातली बहुतेक ईव्हीए फोमची असतात. चपलांचे तळवे आणि व्यायामाच्या चटया ज्याच्या होतात, तोच हा फोम.

लोखंडी कड्यांचं चिलखत दहा किलोंच्या घरात जातं. त्यावर चारआइना चढतो, म्हणजे छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवरचे चार पोलादी पत्रे. एवढं ओझं घेऊन नटाने तलवार चालवायची, पल्लेदार वाक्यं बोलायची आणि रात्री दुसऱ्या प्रयोगाला उभं राहायचं, हे अशक्यच. माझा चारआइना पट्ट्या-बकलांसकट किलोभरही भरत नाही.

या कामाला लोक लोहारकाम समजतात. मला ते पहिल्यापासून शिंपीकाम वाटत आलं आहे. नटाच्या बनियनवर स्वयंपाकघरात वापरतात ती पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळायची, वरून मास्किंग टेप लावायची, टेपवरच पत्र्यांच्या कडा आखायच्या आणि सगळं कवच जपून कापून उतरवायचं. पण हे माप अंगाचं झालं. फोमला जाडी असते. १० मिलिमीटरच्या फोमने अंगाला पुरता वेढा घातला की बाहेरचा घेर आतल्यापेक्षा सहा सेंटिमीटरहून जास्त होतो. तेवढी वाढ धरली नाही तर चिलखत आवळतं. म्हणून नटाला छाती भरून श्वास घ्यायला लावून मी घेर मोजतो, आणि नंतर त्याला खुर्चीत बसवून लांबी. उभ्याच्या मापाने बेतलेला छातीचा पत्रा सिंहासनावर बसताच हनुवटीला टेकतो, आणि राजा वर आढ्याकडे बघत बोलू लागतो.

कापताना पातं नवं हवं. बोथट पात्याने फोम फाटतो आणि जोड दातेरी दिसतो. चार-पाच लांब काप झाले की मी पात्याचं टोक मोडून टाकतो. जोडायला सुतार सनमायकासाठी वापरतात तो फेविकॉल एसआर. दोन्ही कडांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मगच कडा भिडवायच्या. एकदा भिडल्या की सरकवता येत नाहीत. वेलबुट्टीसाठी फोमच्या निम्म्या जाडीपर्यंत चीर देऊन हीट गन फिरवली की चीर आपोआप उघडते, खोदल्यासारखी रेघ उमटते. त्याच उष्णतेने पृष्ठभागाची छिद्रं मिटतात. गरम असतानाच पत्रा पातेल्याच्या पोटावर दाबून धरावा. निवेपर्यंत हात काढू नये.

खरी परीक्षा रंगाची. सुरुवातीच्या एका चारआइन्यावर मी घाईने थेट ऑइल पेंट मारला होता. रंगीत तालमीत तो झळकला. पहिल्या प्रयोगात नट मुजऱ्याला वाकला आणि पोटावरचा रंग तडकून रंगमंचावर खपल्या पडल्या. ते मला आजही बोचतं, कारण वाकणाऱ्या वस्तूवर न वाकणारा रंग टिकत नाही, हे कळायला फोमचा एक तुकडा दुमडून पाहणं पुरेसं होतं. आता आधी लवचीक अस्तर, पातळ हातांनी तीन-चार वेळा, प्रत्येक हात पुरता वाळवून; मग ॲक्रिलिक. तळाला काळा. त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी, तोही फक्त कडांवर आणि उंचवट्यांवर. खाचांत पातळ तपकिरी. तलवारीची मूठ जिथे घासते त्या डाव्या कुशीवर थोडी जास्त झीज. सगळीकडे सारखा चकचकीत स्प्रे मारलेला पत्रा दिव्यांखाली डब्यासारखा दिसतो.

अलीकडे मंडळं परदेशी सिनेमातले फोटो आणून मावळ्याला युरोपी सरदाराचा छातीपत्रा मागतात. ते काम मी घेत नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं आणि चिलखतं आहेत. वेशभूषा ठरवण्याआधी दिग्दर्शकाने ती डोळ्यांनी पाहावीत.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी घरी मुलांबरोबर चिलखत करणार असाल, तर कापायचं आणि चिकटवायचं काम मोठ्यांनी करावं. फोम घासताना मास्क लावा. एसआरची वाफ डोक्यात जाते आणि चटकन पेट घेते. खिडक्या उघड्या ठेवा, आणि दिवाळीचे दिवस असतील तर डबा उघडण्याआधी खोलीतली पणती बाहेर नेऊन ठेवा.