जॉली बॉयचे शंख

अंदमान म्हटले की आपल्या लोकांना काळे पाणीच आठवते. पण वंडूरच्या धक्क्यावरून होडी सुटली की पाणी आधी हिरवे, मग निळे होते आणि जॉली बॉय बेटापाशी इतके नितळ की तळाची वाळू दिसावी. हे बेट १९८३ साली झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातले. येथे मुक्काम करता येत नाही, आणि प्लॅस्टिक धक्क्यावरच काढून घेतात.

आमच्यापैकी ज्यांना पोहता येत नव्हते त्यांनी तळाला काच बसवलेल्या होडीतून प्रवाळ पाहिले. बाकीचे आम्ही डोळ्यांवर काच, तोंडात नळी लावून पाण्यावर पालथे पडलो. पोपट मासा प्रवाळ कुरतडतो, त्याची कटकट पाण्याखाली स्पष्ट ऐकू येते! निळ्या ओठांचा मोठा शिंपला आपली सावली पडताच मिटतो.

भाल्याने मासे मारायला येथे बंदी, आणि ती योग्यच. पोरांना मात्र शंख हवे होते. एकाने रिकामा म्हणून उचलला, तर आतून खेकड्याचे पाय बाहेर आले! पोराने तो हळूच खाली ठेवला.

ट्रोकस नावाच्या जाड शंखाची पूर्वी सदऱ्याची बटणे होत. ते काढायला मजूर समुद्रात बुड्या मारीत. २००१ साली हा शंख वन्यजीव कायद्याच्या यादीत आला. शंख वाचला हे चांगलेच झाले; पण त्या बुड्या मारणाऱ्यांच्या चुलीचीही कोणी चौकशी करायला हवी होती.

जाणाऱ्यांनी पाणी स्टीलच्या बाटलीत न्यावे. बेटावर दुकान नाही.