फेकलेला शब्द

काल रात्री एका शब्दानं माझी झोप उडवली. फोरकास्ट! रोजचाच, बातम्यांतला, हवामानाचा. सहज कोश उघडला तर काय, ‘फोर’ म्हणजे आधी आणि ‘कास्ट’ म्हणजे चक्क फेकणं! पाण्यात जाळं फेकतात, तेच हे कास्ट. जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘कास्ता’वरून इंग्रजीत आलेलं. पुढे त्याला हिशेब मांडणं, बेत आखणं असेही अर्थ चिकटले, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस फोरकास्ट म्हणजे आधीच बेत करून ठेवणं.

मग पाऊसवाऱ्याशी त्याची गाठ पक्की बांधली कुणी? एका दर्यावर्दीनं! रॉबर्ट फिट्झरॉय, डार्विनला घेऊन जगप्रवास केलेल्या बीगल जहाजाचा कप्तान. ऑक्टोबर १८५९मध्ये मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेलं ‘रॉयल चार्टर’ अगदी घराजवळ येऊन, वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. चारशेहून जास्त माणसं गेली. फिट्झरॉय तेव्हा ब्रिटिश सरकारच्या हवामान खात्याचा प्रमुख होता. तारायंत्रानं ठिकठिकाणची निरीक्षणं लंडनला मागवून त्यानं बंदरांना वादळाचे इशारे धाडायला सुरुवात केली, आणि १ ऑगस्ट १८६१ला ‘टाइम्स’मध्ये त्याचा पहिला हवामान अंदाज छापून आला. हे भविष्य नाही, भाकीत नाही, असं तो बजावून सांगायचा. ही निरीक्षणं जुळवून, गणित मांडून बनवलेली मतं आहेत, म्हणून शब्द हवा फोरकास्ट! किती जपून निवडलाय त्यानं हा शब्द! प्रेडिक्शन म्हणजे लॅटिनमध्ये नुसतं ‘आधी सांगणं’, त्यात गणित कुठे आलं?

पण मी ताडकन उठून बसलो ते पुढेच. आपण फोरकास्टला काय म्हणतो? अंदाज. हा शब्द फारसी, आणि फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे... फेकणं! तीर फेकणारा तीरंदाज. तोफगोळे फेकणारा गोलंदाज, जो आता चेंडू टाकतो! इंग्रजी आणि फारसी, दोघींनी आपापल्या वाटेनं फेकण्यातूनच हिशेबाचा शब्द घडवला, आणि मराठीत आपण तो शतकानुशतकं बोलतोय!

सकाळी रेडिओवर ‘विजांसह पावसाचा अंदाज’ ऐकला आणि मी थेट स्वयंपाकघरात. “आई, बंदूकवाल्या शिपायाला पूर्वी बर्कंदाज म्हणायचे ना? बर्क म्हणजे वीज गं. वीज फेकणारा!”