राजपुत्राची काळजी

आमचा धाकटा भाऊ नाशिकला असतो. आम्ही पुण्यात मराठी साहित्य शिकवतो. वडील गेल्यानंतर उभयतांमधला संवाद हळूहळू सणावारांपुरता उरला. भांडण असे काही झाले नाही, बोलण्याचे विषय मात्र संपले. याला अपवाद एकच होता. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या संगणक-खेळाचा नवा भाग येणार अशी बातमी आली, की त्याचा फोन हमखास येई आणि पहिले वाक्य ठरलेले असे : “दादा, आता वाट लावणार बघ हे लोक.” मग अर्धा-पाऊण तास आम्ही त्या होऊ घातलेल्या वाटोळ्याविषयी मोठ्या समाधानाने बोलत असू.

जानेवारी २०२६ मध्ये या मालिकेतला एक खेळ बाजारात येण्यापूर्वीच रद्द झाला. त्याही दिवशी भावाचा फोन आला. पण या वेळी काळजी करण्यासारखे काही शिल्लक नव्हते आणि त्यामुळे बोलण्यासारखेही. या शांततेने आम्हांला अस्वस्थ केले. इतकी वर्षे आम्ही नेमकी कशाची काळजी करत होतो, हा प्रश्न त्यातून निघाला.

मूळ खेळ १९८९ चा. जॉर्डन मेकनर या पंचविशीतल्या अमेरिकन तरुणाने तो ॲपल टू या संगणकासाठी जवळजवळ एकट्याने रचला. पुढच्याच वर्षी तो ‘डॉस’वर आला आणि काही काळाने, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत, आमच्या वडिलांच्या कचेरीत पोचला. साल १९९३. दर रविवारी वडील हिशेब पुरे करायला जात, तेव्हा आम्हां दोघांना सोबत नेत. कोठडीतला राजपुत्र, मनोऱ्यात अडकलेली राजकन्या, दुष्ट वजीर जाफर आणि हातात फक्त साठ मिनिटे. पडदा एकरंगी असल्यामुळे अमृताची कुपी कोणती आणि विषाची कोणती हे रंगावरून ओळखता येत नसे. पिऊनच पाहावे लागे. पायांखालची फरशी डुगडुगून कोसळे, जमिनीतून सुळे वर येत, दोन पोलादी जबड्यांमधून वेळ साधून निसटावे लागे. हे सारे आम्ही शौर्याने पार केले असे लिहायला आवडले असते. वस्तुस्थिती अशी, की खेळ सुरू करताना त्याच्या नावापुढे ‘मेगाहिट’ हा शब्द टाइप केला की फसवाफसवीच्या सगळ्या वाटा उघडतात, हे भावाने शाळेतून ऐकून आणले होते. पुढे ज्या अभिजात कृतीच्या पावित्र्याचे राखणदार म्हणून आम्ही मिरवलो, ती आम्ही चोरीच्या फ्लॉपीवर आणि लबाडी करून पुरी केली होती.

त्या राजपुत्राचे चालणे मात्र कधी विसरलो नाही. तो धावता धावता थांबे तेव्हा खऱ्या माणसासारखा किंचित घसरे. कठड्याला लोंबकळून वर चढताना त्याच्या देहाला वजन असे. याचे कारण पुष्कळ वर्षांनी कळले. मेकनर यांनी १९८५ साली आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून धावायला आणि उड्या मारायला लावले, त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि त्यातली एकेक आकृती हाताने गिरवून संगणकात उतरवली. तलवारीचे हात १९३८ च्या रॉबिन हूडवरील चित्रपटातल्या द्वंद्वावरून घेतले. संगीत वडिलांनी रचले. म्हणजे ज्याला आम्ही इराणचा राजपुत्र समजत होतो, तो एका मोठ्या भावाने टिपून ठेवलेला धाकटा भाऊ होता.

आणखी एक पात्र या घडणीतूनच जन्माला आले. ॲपल टूच्या तुटपुंज्या स्मृतीत नव्या शत्रूसाठी जागाच उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राच्याच आकृती किंचित सरकवून, त्यांच्यावर त्याच आकृती चढवून, मेकनर यांनी त्याची सावली बनवली. चौथ्या टप्प्यात वाट एका आरशाने अडते. धावत येऊन आरशातून उडी घ्यावी लागते आणि त्याच क्षणी ही सावली दुसऱ्या बाजूने निघून पळते. पुढे ती आपल्या वाटची कुपी पिऊन टाकते, ऐन वेळी दार बंद करून आपल्याला खाली पाडते. बाराव्या टप्प्यात ती तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की आपलेच प्राण उणावतात. आम्ही दोघे त्या जागी किती रविवार मेलो याची गणती नाही.

पहिल्या खेळाविषयी एक गोष्ट सहसा विसरली जाते : सुरुवातीला अमेरिकेत तो फारसा खपला नव्हता. ॲपल टूचे दिवस भरत आले असताना तो प्रसिद्ध झाला; इतर यंत्रांवर गेला तेव्हा त्याला आयुष्य मिळाले. कृती जन्मतःच अभिजात नसते, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. या खेळाबाबत आमचा समज नेमका उलटा होता. तो जणू स्वयंभू होता आणि त्यानंतरचे सगळे बाटलेले.

वास्तविक उत्तरभागांनी हा समज कधीच मोडायला हवा होता. १९९९ चा त्रिमितीतला भाग दोषांनी भरलेला निघाला, म्हणून २००३ साली युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओतून ‘द सँड्स ऑफ टाइम’ येत असल्याचे कळल्यावर आम्ही चिंताग्रस्त झालो. प्रत्यक्षात तो खेळ आजही कथनशास्त्राच्या तासाला उदाहरण म्हणून चालेल असा आहे. सगळी कथा राजपुत्र कोणाला तरी सांगतो आहे. खेळणाऱ्याच्या चुकीने तो दरीत कोसळला, तर निवेदकाचा आवाज येतो की छे, असे घडले नव्हते, आणि गोष्ट मागून पुन्हा सुरू होते. खेळातला मृत्यू ही निवेदकाची चूक ठरते! ज्या फराहला तो ही कथा सांगतो, ती हिंदुस्थानातल्या एका महाराजांची कन्या. तिच्या आईने लहानपणी तिला शिकवलेला गुप्त शब्द आहे ‘काकोलुकिया’. पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांचे कान इथे टवकारतील. काळ उलटा फिरवल्यामुळे सारे काही विसरलेल्या फराहला, ही गोष्ट खरी असल्याची खूण म्हणून, शेवटी राजपुत्र हाच शब्द देतो.

या खेळाची जुळणी मेकनर यांच्या सहभागाने झाली होती. पुढच्या वर्षी आलेल्या ‘वॉरियर विदिन’मध्ये तो सहभाग नव्हता. राजपुत्र एकाएकी खुनशी झाला, संगीत कर्कश झाले. खुद्द मेकनर यांनीही त्या खेळाच्या कलादृष्टीविषयी नापसंती व्यक्त केली. आमच्या काळजीला तेवढा एक पुरावा पुरला. ‘सँड्स’ने आमचे भाकीत खोटे पाडले होते, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’च्या पुनर्निर्मितीची झलक प्रसिद्ध झाली. महासाथीचे दिवस, वर्ग पडद्यावर चालू. चेहरे निर्जीव, प्रकाश सपाट, सगळेच दहा वर्षे जुने वाटावे असे. जगभर टीका झाली. भावाचा फोन आला. नेहमीचे वाक्य बोलून झाल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “दादा, हे तुमच्या पुण्यातच केलंय.” ते खरे होते. काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे होते. ज्या राजपुत्रासाठी आम्ही रविवारची वाट पाहत असू, तो आम्ही राहतो त्या शहरात पुन्हा घडवला जात होता. यात अभिमान वाटण्यासारखे काहीच नव्हते काय? आमच्या तोंडून मात्र निघाले, “तरीच.”

या एका शब्दाचा उलगडा करणे हेच या लेखाचे काम आहे. हीच झलक माँट्रियलहून आली असती, तर आम्ही कंपनीच्या धंदेवाईकपणाला दोष दिला असता. ती पुण्याहून आली म्हणून आम्ही माणसांना दोष दिला, आणि आपल्या माणसांना हे जमायचे नाही, हे गृहीत धरून दिला. खेळ आधी काही आठवडे, मग बेमुदत लांबला. मे २०२२ मध्ये तो पुण्या-मुंबईकडून काढून माँट्रियलकडे देण्यात आला, तेव्हा आम्ही उभयतांनी सुटकेचा निःश्वास टाकला. साहित्यकृती वाचल्याखेरीज तिच्याविषयी मत देऊ नये, असे विद्यार्थ्यांना बजावणारे आम्ही! ज्या माणसांनी हे काम केले त्यांचा खेळ आम्ही कधी खेळलोच नाही. थोड्या वेळाची झलक पाहिली आणि निकाल लावून मोकळे झालो.

इतकेच असते तर ‘पूर्वग्रह’ म्हणून ते सोडून देता आले असते. पण जून २०२३ मध्ये आणखी एक नवा भाग जाहीर झाला : ‘द लॉस्ट क्राउन’, फ्रान्समधल्या माँपेल्ये येथील स्टुडिओचा. नायक राजपुत्र नाहीच. सारगोन नावाचा योद्धा अपहृत राजपुत्राला शोधायला निघालेला. पहिल्या झलकेला रॅप संगीत. चाहते संतापले, आम्हीही संतापलो. जानेवारी २०२४ मध्ये खेळ आला आणि समीक्षकांनी त्याची मनापासून स्तुती केली. मूळ खेळासारखी बाजूने दिसणारी सपाट रचना त्यात परतली होती. इराणी पुराणकथांचा अभ्यास दिसत होता. फारसी संवादांची सोयही होती. राजपुत्राला त्याची भाषा प्रथमच कोणीतरी दिली होती. तो अपेक्षेइतका खपला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ज्या चमूने तो घडवला तो विसर्जित झाल्याचे वृत्त आले. आम्ही तोवर तो विकत घेतला नव्हता. स्वस्त होण्याची वाट पाहत होतो.

‘कोसला’ (१९६३) मनात धरून ‘हिंदू’ (२०१०) उघडणारे वाचक आम्ही जवळून पाहिले आहेत. त्यांतले कितीतरी जण नवी कादंबरी वाचतच नव्हते. आपली विशी तीत कुठे सापडते का ते चाचपडत होते. तेव्हा आम्हांला त्यांचे हसू आले होते. सर्व्हान्टेसच्या ‘डॉन किहोटे’चा दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेला दुसरा भाग १६१४ मध्ये निघाला आणि पुढच्या वर्षी सर्व्हान्टेसने आपल्या खऱ्या दुसऱ्या भागात त्याची यथेच्छ रेवडी उडवली. तिथे निदान मूळ लेखकाचा हक्क होता. आमचा हक्क कोणता? आम्ही राखत होतो ती मेकनर यांची कृती नव्हती. आम्ही राखत होतो एक कचेरी, तिथला रविवार, शेजारच्या टेबलावर मान खाली घालून बेरजा करणारे वडील. त्या रविवारचा उत्तरभाग पुण्यात काय किंवा माँट्रियलमध्ये काय, कोणीही काढू शकणार नव्हते. तो कोणाला जमला नाही याचा राग आम्ही दर वेळी कोणत्या ना कोणत्या अनोळखी कारागिरांवर काढला.

पुनर्निर्मिती माँट्रियललाही पुरी झाली नाही. २०२६ च्या जानेवारीत ती रद्द झाली, तेव्हा फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग भाऊ म्हणाला, “दिवाळीत लॉस्ट क्राउन घेतला होता पोरीसाठी. सांगायचं राहिलं. चांगला आहे, दादा.” हे कबूल करायला त्याला तीन महिने लागले होते. आम्ही म्हणालो, “येतो बघायला.”

पुढच्या रविवारी नाशिकला गेलो. पुतणी अकरा वर्षांची आहे. तिचा नायक सारगोन. तिने दुसरा कोणी पाहिलेला नाही, आणि तिचे काही अडलेले दिसले नाही. आम्ही दोघे भाऊ मागे बसून चहा पीत होतो. खेळ थांबवून तिने विचारले, “काका, तुमच्या वेळच्या खेळात ती सावली होती ना, बाबा सांगतात ती? तिला मारायचं कसं?” मारायचे नसतेच. तलवार म्यान करायची आणि तिच्या दिशेने चालत जायचे. ती तुमच्यात मिसळून जाते, आणि पुढे जिथे पूल दिसत नाही तिथे पाऊल टाकले की पायांखाली फरशी उमटत जाते. आम्हां दोघांना हे कळायला एक अख्खा पावसाळा लागला होता. आम्ही सांगायला तोंड उघडले.

“दादा, सांगू नकोस,” भाऊ म्हणाला. “जुना खेळ मिळतो अजून. तिलाच खेळू दे.”