झऱ्याच्या घशातील नाणी

आमच्या वसईतील घरामागे एक बावखल होते. पावसाळ्यात ते काठोकाठ भरे आणि त्याचे झिरपलेले पाणी उन्हाळ्यात वाडीतल्या विहिरीला मिळे. लहानपणी एकदा मी त्यात खडे भिरकावीत होतो. आजीने कान धरला. "बाळा, ह्याच्या पोटातलं पाणी आपली विहीर पिते. तिच्या घशात खडे घालू नकोस." शाळेची पायरीही न चढलेल्या आजीचे ते बोल पुढे सेमिनरीतील तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांखाली दबून गेले.

२०१८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात, एका धर्मग्रामात दोन महिने सेवा करण्याचा योग आला. निघताना आमच्या धर्मग्रामातील एका मावशींनी माझ्या हातावर पाच रुपयांचे नाणे ठेवले. "फादर, तिकडे इच्छा पुरवणारे झरे असतात म्हणे. माझ्या लेकाच्या नावाने एवढं टाका." त्यांचा मुलगा आखातात गेला होता आणि तीन वर्षांत त्याचा फोन नव्हता. नाही म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही.

तेथील एका वृद्ध जोडप्याने मला यलोस्टोन पाहावयास नेले. १८७२ साली स्थापन झालेल्या या राष्ट्रीय उद्यानात 'मॉर्निंग ग्लोरी' नावाचे उष्ण पाण्याचे कुंड आहे. सकाळी उमलणाऱ्या निळ्या फुलावरून त्याला हे नाव पडले. लाकडी पायवाटेवर उभा राहून मी मावशींचे नाणे बाहेर काढले. त्या आजोबांनी हळूच माझे मनगट धरले. "फादर, ते फूल आता निळे दिसते का?" मी निरखून पाहिले. मध्यभागी हिरवट छटा होती आणि कडेला पिवळी-नारिंगी झालर.

हे कसे घडले, ते त्यांनी सांगितले. भूगर्भातील कढत पाणी एका अरुंद मुखातून वर येते. पिढ्यान्‌पिढ्या पर्यटकांनी टाकलेल्या नाण्यांनी आणि कचऱ्याने ते मुख चोंदले. उष्णता कमी पोहोचू लागली, पाणी निवले आणि पूर्वी केवळ काठावर तगणारे रंगीत सूक्ष्म जीव आत सरकले. १९५० साली पाण्याची पातळी उतरवून कुंडाला उसळी घ्यावयास लावले, तेव्हा एक सेंटची साडेआठ हजारांहून अधिक नाणी आणि शहात्तर हातरुमाल बाहेर पडले. जुनी निळाई मात्र परतली नाही. साडेआठ हजार इच्छा! त्यांतील एकीनेही कुंडाचे वाईट इच्छिले नव्हते. मी नाणे मुकाट्याने खिशात घातले.

थायलंडमधील एका कासवाची हकिगत याहून करुण आहे. लोक दीर्घायुष्याच्या आशेने त्याच्या तळ्यात नाणी टाकीत. २०१७ साली त्याच्या पोटातून ९१५ नाणी काढावी लागली आणि काही दिवसांतच ते मेले. आपल्या दीर्घायुष्याची किंमत त्या मुक्या जीवाने मोजली.

कोणी म्हणेल, रोमच्या त्रेवी कारंज्यात भाविकही नाणी टाकतात, त्याचे काय? विद्यार्थिदशेत मीही टाकले होते. पण ते मानवनिर्मित कुंड आहे. त्याचा तळ झाडता येतो आणि तेथील नाणी कारितास संस्थेमार्फत गरिबांपर्यंत जातात. धरणीचा घसा कोण झाडणार?

गावी परतल्यावर मी मावशींकडे गेलो. नाणे त्यांच्या हातावर ठेवताना मला अपराध्यासारखे वाटत होते. सारे ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या लेकासाठी दुसऱ्याचं पाणी नासलं असतं." पुढच्या रविवारी मिस्सानंतर त्यांनी ते नाणे गरिबांच्या पेटीत टाकलेले मी पाहिले. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी शुभवर्तमानातील विधवा मला आठवली. मुलाचा फोन अजून आलेला नाही. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करतो, मावशीही करतात.

वाचकहो, वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर आपली कुटुंबे सहलीला जातात. तेथे एखादे लेकरू नाणे उगारताना दिसले, तर त्याला रागावू नका. त्याचा हात धरा आणि विहिरीच्या घशाची गोष्ट सांगा. मग ते नाणे कोणाच्या उपयोगी पडेल, हे त्यालाच ठरवू द्या.