आर ३.८

जुना लेथ भंगारात जातो, त्याचे प्रोग्रॅम मात्र मागे उरतात. भोसरी-शिरोलीच्या छोट्या शॉपमध्ये नवा कंट्रोल आला की मालक पहिल्यांदा हेच विचारतो, की जुने प्रोग्रॅम चालतील ना? बहुतेक चालतात. मला काळजी वाटते ती या सहज चालण्याचीच.

जे अडतं ते निदान दिसतं. फॅनुकच्या टेन-इलेव्हन मालिकेत जी-७१ ही रफिंग सायकल एका ओळीत लिहीत, आता ती दोन ओळींत लिहितात. जुनी मांडणी वाचायची सोय नव्या कंट्रोलच्या पॅरामीटरमध्ये असते. एक बिट बदलला की काम झालं. खरी भीती गुपचूप अर्थ बदलणाऱ्या ओळींची. दशांश चिन्ह नसलेला एक्स ५० एका सेटिंगमध्ये ५० मिलिमीटर असतो, दुसऱ्यात ५० मायक्रॉन, म्हणजे टूल थेट सेंटरकडे धावणार. जी-९२ जी-कोडच्या ए पद्धतीत आटे पाडतो आणि बी पद्धतीत कोऑर्डिनेट बसवतो. जुन्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीचा जी-५० एक्स २०० झेड १५० सांगतो, की टूल आत्ता उभं आहे ती जागा अमुक माना. ते टूल ठरल्या जागी उभं आहे का, हे बघणं माणसाच्या भरवशावर सोडलेलं असे. जॉमेट्री ऑफसेटवर वाढलेल्या नव्या सेटरला तो भरवसा कुणी सांगितलेलाच नसतो.

तरीही हे सगळं मॅन्युअल उघडून सापडतं. न सापडणारी गोष्ट वेगळीच असते. ड्रॉइंगवर कोपऱ्याची गोलाई ३ मिलिमीटर आणि प्रोग्रॅममध्ये आर ३.८. चॅम्फर २ चा, आकडा २.४६९. नवीन मुलगा म्हणतो, आधीच्या माणसाने चुकीचं लिहिलंय. चूक मुळीच नाही. नोज रेडियस कॉम्पेन्सेशन तेव्हा अनेक मशीनवर नसायचं. मग ०.८ नोजच्या इन्सर्टचा हिशेब प्रोग्रॅमरच कागदावर करी: बाहेरच्या गोलाईत पूर्ण ०.८ मिळवायचे, पंचेचाळीसच्या चॅम्फरमध्ये त्याचे ०.५८६ पट. त्या आकड्यांत ड्रॉइंगबरोबर इन्सर्टही मुरलेला असतो. यावर कुणी हौसेने कॉम्पेन्सेशनचा जी-४२ चढवला तर भरपाई दोनदा होते आणि जॉबवर खरोखरच ३.८ ची गोलाई येते. अलार्म येत नाही. मशीनच्या दृष्टीने सगळं सुरळीत आहे.

मग त्या माणसाने शेजारी दोन शब्द का लिहून ठेवले नाहीत? जागा नव्हती. पंच टेप गेली तरी कंट्रोलची मेमरी टेपच्या मीटरमध्येच मोजत, आणि एका मीटरमध्ये साधारण ४०० अक्षरं मावत. कंसातला खुलासा म्हणजे पुढच्या जॉबची जागा खाणं. त्यामुळे प्रोग्रॅममध्ये कृती राहिली आणि कारण त्या माणसाच्या डोक्यात राहिलं. एका खांद्याजवळ अचानक कमी केलेला फीड, ग्रूव्हच्या तळाशी जी-०४ चा क्षणभर थांबा, यांमागे कधीतरी थरथरलेला जॉब असतो किंवा तुटलेला इन्सर्ट.

म्हणून पॅरामीटर बदलून जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवण्यावर माझा आक्षेप आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या स्पेअरच्या ऑर्डरला ते ठीक आहे, तिथे वेळ घालवणं परवडत नाही. पण रोज चालणारा जॉब असेल तर ड्रॉइंग, जुना प्रोग्रॅम आणि तो लिहिणारा सेटर, तिन्ही एका टेबलाशी आणावेत. सेटर निवृत्त झाला असला तरी फोन उचलतो, आणि बहुतेकांना पार्ट नंबर सांगितला की ती ओळही आठवते. त्याचं उत्तर कंसात, त्याच ओळीशेजारी टाकावं. आता मेमरीची टंचाई नाही. मग गोलाई ड्रॉइंगप्रमाणे ३ लिहावी, जी-४२ लावावा, ऑफसेट पेजवर नोज आणि टिपची दिशा भरावी, आणि पहिला नग सिंगल ब्लॉकवर, रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवून काढावा. कमी केलेला फीड मात्र कारण कळेपर्यंत वाढवू नये.