पाणीच आहे

रशियनच्या वर्गात पहिल्या आठवड्यातच पाण्याचा शब्द आला. लिहायचा 'वोदा', म्हणायचा 'वदा'. बाई म्हणाल्या, घराचं जसं घरकुल, तसं याला 'का' लागून व्होडका झाली. म्हणजे इवलंसं पाणी. वर्ग हसला. मला हसू आलं नाही. हा विनोद आमच्या घरी आधीच वापरून झाला होता. बाबा फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून ठेवायचे. आईने विचारलं की म्हणायचे, "पाणीच आहे." आई झाकण उघडून वास घ्यायची.

व्युत्पत्तीपुरते तरी बाबा खरं बोलत होते.

अर्थात शब्द सरळ चालत आलेला नाही. रशियात धान्याच्या दारूला बराच काळ 'भाकरीची वाइन' अशा अर्थाचं नाव होतं. व्होडका म्हणजे जडीबुटी घातलेलं औषधी पाणी. एकोणिसाव्या शतकात हळूहळू दारूनेच ते नाव घेतलं. आज रशियन माणसाला पाण्याचा लाड करायचा तर दुसरा प्रत्यय शोधावा लागतो. पोलिश लोक या शब्दावर आपला हक्क सांगतात आणि 1405च्या कागदपत्रांकडे बोट दाखवतात. दारूला पाणी म्हणण्याची खोड मात्र दोघांपुरतीच नाही. लॅटिनमध्ये ती 'जीवनाचं पाणी' होती. गेलिकमध्ये त्याचं 'उश्का बाहा' झालं; इंग्रजांनी त्यातलं जीवन गाळलं, उरलेल्या पाण्याची व्हिस्की केली.

वोदा, वॉटर आणि आपलं उदक, तिन्ही एकाच मुळाची. हे मला बाबा गेल्यानंतर कळलं.

दहाव्याला नदीकाठी गुरुजी म्हणाले, "उदक सोडा." तळहातावर काळे तीळ, अंगठ्याच्या बाजूने पाणी खाली. मराठीत उदक सोडणं म्हणजे हक्क सोडणंही. कशावरचा सोडायचा होता? त्यांच्यावर रागवायचा हक्क माझ्याकडे अजून आहे. पाणी मात्र मी नीट सोडलं, तीनदा.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. पाहुणे आले की ती फ्रिजमधून बाटली काढते, झाकण उघडते, आधी वास घेते आणि मग पेले भरते.