टीडीएसचा आकडा आणि तोटीचं तोंड

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडमध्ये मी पाण्याचं मशीन चालवतो. पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटरचा जार भरतो. आमच्याकडे याला कोणी वॉटर एटीएम म्हणत नाही, ‘फिल्टरचं पाणी’ म्हणतात. या धंद्यात आल्यापासून दोन गोष्टींवर माझा पक्का विश्वास होता. पहिली, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, जितके कमी तितकं पाणी चांगलं. दुसरी, मशीनला माणसाचा हात जितका कमी लागेल तितकं ते स्वच्छ. या दोन्ही गोष्टी मी आता मानत नाही. त्या का सोडल्या, ते लिहून ठेवतो. या धंद्यातल्या इतरांच्या उपयोगी पडेल.

पहिला विश्वास हवेतून आलेला नव्हता. बालाघाटाच्या डोंगररांगांतला हा भाग. इथल्या बोअरचं पाणी कुठं जड, कुठं मचूळ. डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. नांदेड जिल्ह्यात भूजलात फ्लोराइड असलेली गावंही आहेत. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे विरघळलेले क्षार योग्य मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. आमच्या बोअरचं पाणी मीटरवर धरलं की या मधल्या पट्ट्याची ओळख होते. त्यात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते दिवस पाहिलेल्या माणसाला मेंब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, आलेलं गोडं पाणी हे वरदानच वाटणार. मलाही वाटलं. दोन अंकी आकडा दाखवणारा टीडीएस मीटर मी गिऱ्हाइकासमोर अभिमानानं धरायचो.

दुसऱ्या विश्वासामागंही विचार होता. घागरीत ओगराळं बुडवून पाणी देण्याची पद्धत मी लहानपणी पाहिलेली. मशीनमध्ये तसं काही नाही. नाणं आत जातं, पाणी बाहेर येतं, मध्ये कोणाची बोटं बुडत नाहीत. नाण्यावर चालणाऱ्या ज्या यंत्राची सर्वांत जुनी नोंद सापडते, तेही पाणीच देत असे. दोन हजार वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं त्याचं वर्णन केलं आहे. देवळात नाणं टाकायचं, त्याच्या वजनानं आतली पट्टी कलायची आणि ठरावीक पाणी बाहेर यायचं. हे वाचलं तेव्हा आपला धंदा फार जुन्या घराण्यातला आहे, असं वाटून बरं वाटलं होतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली. रावणगाव, हसनाळ या गावांत पाणी शिरलं, माणसं गेली, जनावरं गेली, लोकांना बाहेर काढायला लष्कर आलं. त्यानंतरच्या दिवसांत गावोगावच्या विहिरी आणि बोअर गढूळ झाले. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी जार बांधून माणसं माझ्याकडे येऊ लागली. मी बोअरच्या पाण्यात मीटर बुडवला, तर आकडा एरवीपेक्षा खाली आलेला. पावसाचं पाणी मिसळल्यानं क्षार पातळ झाले होते. म्हणजे सगळ्या तालुक्याचं पाणी नासलेलं असताना माझा मीटर सांगत होता की पाणी सुधारलं! मी तिथंच थांबलो. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. त्यात जंतू आहेत का, हे त्याला कळायला मार्गच नाही.

मग एका ओळखीच्या शिक्षकांनी त्यांच्या शाळेतल्या पाणी तपासणीच्या बाटल्या मला दिल्या. हायड्रोजन सल्फाइड वायल म्हणतात त्यांना. मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली ही साधी परीक्षा. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर विष्ठेतून येणारे जंतू त्यात असण्याची दाट शक्यता. मी तीन ठिकाणचं पाणी घेतलं. मेंब्रेनमधून निघताच घेतलेलं पाणी जसंच्या तसं राहिलं. स्टीलच्या टाकीतलंही राहिलं. तोटीतून घेतलेलं मात्र काळं झालं.

त्यानंतर मी तोटी खोलली. आतल्या बाजूला बोटाला लागेल असा बुळबुळीत थर. भरताना प्रत्येकाचा जार त्या तोंडाला घासतो, पोरं तिथं तोंड लावून पाणी पितात, उडालेली माती बसते. माणसाचा हात लागू नये म्हणून ठेवलेल्या यंत्रात शेकडो हात लागणारी जागा ती एकच होती आणि तीच आम्ही कधी पाहत नव्हतो.

याच्या मुळाशी एक कारण आहे आणि ते प्रत्येक प्लांटवाल्यानं समजून घ्यायला हवं. नगरपरिषदेच्या पाण्यात क्लोरीन असतं. मानक सांगतं की नळाशीही लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. वाटेत पुन्हा जंतू शिरले तर ते उरलेलं क्लोरीन त्यांना मारतं. पण मेंब्रेन क्लोरीननं खराब होतं. म्हणून पाण्यात ते असेल तर मेंब्रेनच्या आधी कार्बन फिल्टर ते शोषून घेतो. बोअरच्या पाण्यात तर ते मुळातच नसतं. म्हणजे मेंब्रेनपासून पुढं आमचं पाणी उघड्यावर झोपलेल्या लेकरासारखं असतं, राखायला कोणी नाही. यूव्हीचा दिवा आहे, पण तो समोरून जाणाऱ्या पाण्यातले जंतू मारतो, पुढच्या पाइपात त्याचं काही चालत नाही. दिव्याच्या काचेवर क्षार साचले की किरण अडतात. साधारण नऊ हजार तासांनंतर दिवा निळा दिसतो, तरी त्याचा जोर गेलेला असतो. आणि आमच्याकडे लाईट जाते ते वेगळंच.

तेव्हा सफाई हा खर्च आहे, तो जमेल तितका लांबवावा, हे माझं मत तिथं संपलं. आता रोज मशीन उघडायच्या आधी तोटी काढून ब्रशनं घासतो, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून ठेवतो. सँड आणि कार्बन फिल्टरचा बॅकवॉश रोज. टाकी ठरल्या वारी रिकामी करून आत उतरून घासायची, क्लोरीनचं पाणी भरून तासन्‌तास मुरू द्यायचं, तेच पाणी पाइपातून तोटीपर्यंत सोडून द्यायचं आणि मग धुऊन काढायचं. ते उलटं मेंब्रेनकडे जाणार नाही याची व्हॉल्व्ह बंद करून खात्री करायची. हे चालू असताना मशीन बंद असतं. लोक जार घेऊन परत जातात, त्याचं वाईट वाटतं, पण दार मी उघडत नाही.

नाण्यांच्या पेटीचं थोडक्यात सांगतो. तिला कोरडं फडकं आणि मऊ ब्रश पुरतो. तेल घालू नये, धूळ चिकटते. मशीन धातू आणि जाडी पाहून नाणं ओळखतं, त्यामुळे पाचची जाड-पातळ, जुनी-नवी नाणी त्याला पुन्हा शिकवावी लागतात.

सगळ्यांत अवघड गेलं ते वेगळंच. मी तयार पाण्यात पुन्हा थोडं क्लोरीन घालायला सुरुवात केली, मानकात सांगितलं तेवढंच. रोज जार भरणाऱ्या एक मावशी दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, “भाऊ, पाण्याला वास येलालाय बघा.” मी समजावलं, त्यांनी ऐकूनही घेतलं. पण बरीच गिऱ्हाइकं दुसऱ्या प्लांटकडे वळली, ती अजून वळलेलीच आहेत. घरच्यांनी सांगितलं की बंद करा ते. मी बंद करणार नाही. माझ्याकडून नेलेला जार घरात दोन-तीन दिवस उघडझाप होत राहतो, त्यात पेला बुडतो, लहान मूल हात घालतं. तिथपर्यंत पाण्याला राखणारं काहीतरी हवंच. गोड चवीसाठी ते काढून टाकणं मला आता पटत नाही.

बाटलीबंद पाण्यावर निदान तारीख छापलेली असते. सुट्या पाण्यावर ती छापायला जागा नाही, म्हणून मी मशीनच्या दारावर पाटी लावली आहे. टाकी कधी धुतली, कार्ट्रिज कधी बदललं, दिवा कधीचा आहे, शेवटची वायल तपासणी कशी आली, सगळं खडूनं लिहिलेलं असतं. वायल काळी पडली तर तेही लिहितो आणि त्या दिवशी पाणी विकत नाही.

मुखेड-कंधार-अहमदपूर भागातल्या माझ्या धंदेबंधूंना विनंती आहे: अशी पाटी लावा. आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल तर जार आतून घासून आणा आणि प्लांटवाल्याला टीडीएस विचारण्याआधी टाकी आणि तोटी कधी धुतली ते विचारा.